म्युनिक, सिंगापूर की पुणे? पावती कुणाच्या नावावर फाटते ते आधी पाहू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टरांना दोन ठिकाणांहून नोकरीचं बोलावणं आहे, म्युनिक आणि सिंगापूर. मुलगी पुण्यात मराठी शाळेत तिसरीला. नणंद म्हणते सिंगापूरचं गणित जगात पहिलं, दीर म्हणतात जर्मनीत शिक्षण फुकट, आणि व्हॉट्सअॅपवर कुणी ना कुणी फिनलंडचं कौतुक पाठवत असतं. तर मग जगात सगळ्यात चांगली शिक्षणपद्धती कोणाची?

मी ३१ वर्षं शिक्षण खात्यात काढली. आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, मग केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणारा, शेवटची काही वर्षं डाएट या जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत शिक्षकांची प्रशिक्षणं. इतर देशांच्या पद्धती वाचणं हा आधी नाद होता, नंतर कामाचा भाग झाला. ताई, या प्रश्नाला एका देशाचं नाव हे उत्तर नाही. प्रत्येक ठिकाणच्या शाळेत काहीतरी खरंच उत्तम असतं आणि त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं: कुठे मूल झोपेतून, कुठे आईबाप खिशातून, कुठे शिक्षक स्वतःच्या घरच्या वेळेतून. म्हणून मी पावती कुणाच्या नावावर फाटते ते आधी बघतो. तुमच्या बाबतीत ती तुमच्या लेकीच्या नावावर फाटणार का, एवढाच खरा प्रश्न आहे.

आधी ती 'पहिला नंबर'वाली यादी. ती बहुतेक वेळा पिसा चाचणीची असते. ओईसीडी ही प्रामुख्याने श्रीमंत देशांची संघटना. ती २००० सालापासून साधारण दर तीन वर्षांनी १५ वर्षांच्या मुलांची गणित, वाचन आणि विज्ञानाची चाचणी घेते. २०२२ मध्ये गणितात सिंगापूरला ५७५, जपानला ५३६, दक्षिण कोरियाला ५२७, एस्टोनियाला ५१० आणि फिनलंडला ४८४ गुण होते. ओईसीडीची सरासरी ४७२. आकडे खरे आहेत. पण मुलाला जे येतं ते शाळेत आलं, क्लासला आलं की आईनं स्वयंपाक करता करता घोकून घेतलं, हे चाचणीला कळत नाही. चाचणीला बसलं कोण, हेही विचारावं लागतं. व्हिएतनामनं २०१२ साली ५११ गुण मिळवून अमेरिकेला मागे टाकलं तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. पण तिथली १५ वर्षांची जवळपास निम्मी मुलं शाळा सोडलेली किंवा खालच्या वर्गात अडकलेली, म्हणून मोजणीतच नव्हती. २०१८ साली पहिला आलेला 'चीन' म्हणजे बीजिंग, शांघाय, जिआंगसू आणि झेजियांग, एवढाच. आपणही एकदा बसलो होतो. २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू उतरले, ७४ जणांत आपल्या खाली फक्त किर्गिझस्तान उरला, आणि आपण चाचणीचं नावच टाकलं. निकाल बघून परीक्षेला यायचं बंद करणारी मुलं मी पाहिली आहेत, इथे आख्खा देश तसा वागला.

आता सिंगापूर. नणंदबाईंचं बरोबर आहे, तिथे गणित फार छान शिकवतात. आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडा, हा क्रम ते सोडत नाहीत. शाब्दिक उदाहरण आलं की मूल आधी पट्ट्या काढतं आणि कुणाकडे किती ते डोळ्यांनी बघतं. सगळे शिक्षक एकाच संस्थेत घडतात, देश शहराएवढा, त्यामुळे वर ठरलेली गोष्ट वर्गापर्यंत पोचते. आमच्याकडे ती जिल्ह्याच्या बैठकीतून तालुक्याला आणि तालुक्यातून केंद्राला येईतो तिचा फक्त तक्ता उरतो.

पण सहावीच्या शेवटी, मूल बारा वर्षांचं असताना, पीएसएलई नावाची परीक्षा असते आणि माध्यमिक शाळा तिच्यावर ठरते. आधी तर मुलांना 'एक्सप्रेस', 'नॉर्मल' अशा प्रवाहांत टाकत असत. या शिक्क्यांनी मुलं खचतात हे मान्य करून २०२४ पासून माध्यमिकच्या पहिल्या वर्गाला ते प्रवाह बंद केले, आता विषयागणिक पातळी ठरते. नियम बदलला तरी आईबापांची धास्ती गेली नाही. २०२३ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीत खाजगी शिकवण्यांवर वर्षाला सुमारे १.८ अब्ज सिंगापूर डॉलर जातात असं निघालं. आणि तुम्ही तिथे परदेशी असणार. सरकारी शाळेत शिरायला परदेशी मुलांना वेगळी प्रवेश परीक्षा, फी नागरिकांच्या कितीतरी पट, वर जागा मिळेल याची हमी नाही. म्हणजे ज्या गणितासाठी जायचं ते गणित शिकवणाऱ्या वर्गात तुमची मुलगी बसेलच असं नाही. बरीच भारतीय कुटुंबं शेवटी आंतरराष्ट्रीय किंवा भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत जातात. आणखी एक गंमत. तिथे 'मातृभाषा' हा सक्तीचा विषय आहे. भारतीयांसाठी तमिळ, आणि त्याऐवजी हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. मराठी त्या यादीत नाही. घरात मराठी बोलणारी पोरं कागदोपत्री हिंदी ही मातृभाषा म्हणून शिकतात.

दक्षिण कोरियात हेच टोकाला गेलंय. नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असतो तेवढा वेळ देशातली विमानांची उड्डाणं थांबवतात. सोलमध्ये क्लास रात्री दहाला बंद झालेच पाहिजेत असा नियम करावा लागला. २०२३ साली खाजगी शिकवण्यांवरचा खर्च सुमारे २७ लाख कोटी वॉन होता. त्या ५२७ गुणांतले शाळेचे किती आणि क्लासचे किती, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही.

जर्मनीबद्दल जास्त लिहितो, कारण तुमचं मन म्युनिककडे झुकलेलं दिसतंय आणि दीरांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

तिथे शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. म्युनिक बव्हेरियात, आणि बव्हेरिया याबाबतीत सगळ्यात कडक राज्यांपैकी एक. प्राथमिक शाळा चौथीला संपते. मे महिन्याच्या सुरुवातीला चौथीच्या मुलांना एक प्रगतिपत्रक मिळतं आणि त्यावर पुढची वाट ठरते: विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियुम, मधलं रेआलशूलं, किंवा कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारं मिटेलशूलं. श्रेणी १ ते ६, एक म्हणजे उत्तम. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुमची शिफारस मिळते. मूल दहा वर्षांचं! आपल्याकडे त्या वयात पोरं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसतात आणि नाही मिळाली तर रविवारी क्रिकेट खेळतात.

२००० च्या पिसा चाचणीचे निकाल लागले तेव्हा जर्मन लोक हादरले होते. देश सरासरीच्या खाली होताच, शिवाय आईबापांची परिस्थिती आणि मुलाचे गुण यांचा संबंध तिथे फार घट्ट निघाला. माझ्या मते त्याचं मोठं कारण ही लवकरची वाटणी. दहाव्या वर्षी मूल जे दाखवतं त्यात घराचा वाटा फार असतो. त्यात तिथली शाळा परंपरेनं दुपारपर्यंतच. जेवण आणि गृहपाठ घरी, म्हणजे आईकडे. ज्या आईला जर्मन येत नाही तिच्या मुलीचा गृहपाठ कोण घेणार? दिवसभर थांबण्याचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०२६ पासून मिळतोय, तोही पहिलीच्या मुलांपासून सुरू होऊन वर्षागणिक पुढे सरकणारा.

याची दुसरी बाजू मात्र मला मनापासून आवडते. गिम्नाझियुमला न गेलेल्या मुलाला रस्ता आहे, आणि तो नुसता कागदावरचा नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी तो एखाद्या कंपनीशी करार करतो, आठवड्यातले तीन-चार दिवस तिथे काम शिकतो, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो, आणि या काळात त्याला पगार मिळतो. असे तीनशेहून जास्त मान्य व्यवसाय आहेत, सुतारकामापासून बँकेतल्या कामापर्यंत. पुढे वरची परीक्षा देऊन माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, झाला की तो स्वतःचं वर्कशॉप काढू शकतो, शिकाऊ पोरं घेऊ शकतो, विद्यापीठातही जाऊ शकतो. आमच्याकडे मुलगा आयटीआयला गेला की घरचे चार दिवस कुणाशी बोलत नाहीत. तो तिथे जे यंत्र शिकतो ते बऱ्याचदा त्याच्या बापाच्या वयाचं असतं, आणि ज्या कारखान्यात काम मिळेल तिथलं यंत्र त्यानं आधी पाहिलेलं नसतं. जर्मनीत शिकवण्याचा खर्च कारखानदार उचलतो, कारण उद्याचा कारागीर त्यालाच लागणार असतो. पद्धत उचलू म्हटलं तर आधी असे कारखानदार उचलून आणावे लागतील.

फिनलंडला तुम्ही जाणार नाही, तरी त्या फॉरवर्डांसाठी दोन शब्द. 'तिथे गृहपाठ नसतो' हे खोटं, कमी असतो. 'विषय बंद केले' हेही खोटं; २०१६ च्या अभ्यासक्रमानं वर्षातून निदान एक प्रकल्प अनेक विषय मिळून करायला सांगितलंय, गणिताचा तास आहे तिथेच आहे. शाळा सातव्या वर्षी सुरू होते हे खरं. दुपारचं जेवण सगळ्यांना मोफत, १९४८ पासून. आमच्या शाळेतली खिचडी म्हणजे गरिबाचं अन्न समजून नाक मुरडणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

खरी गोष्ट १९६८ नंतरच्या वीसेक वर्षांत आहे. फिनलंडमध्येही जर्मनीसारखीच लहान वयात मुलांची वाटणी होत असे. १९६८ साली त्यांनी सगळ्यांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा असा कायदा केला, १९७२ ला उत्तरेकडच्या लॅपलंडपासून सुरुवात करून १९७७ पर्यंत तो देशभर नेला. १९७९ पासून प्राथमिकच्या शिक्षकालाही विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी लागू लागली. एवढं झाल्यावर, १९९० च्या सुमारास, त्यांनी शाळा तपासणी बंद केली. (मी केंद्रप्रमुख होतो, म्हणजे तिथे माझी नोकरीच गेली असती.) आधी शिक्षक घडवला, मग त्याच्यावर विश्वास टाकला. आपण शेवटचं पान आधी वाचतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला, आठवीपर्यंत नापास करायचं नाही हे त्यात होतं, आणि ते मला आजही योग्यच वाटतं. पण मागे पडलेल्या मुलाला त्याच आठवड्यात हात द्यायला जो माणूस आणि जो वेळ लागतो तो कुणी दिला नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदवह्या आम्ही रात्री बसून भरल्या. एका वहीत तीस मुलांपुढे एकच वाक्य, फक्त शाई बदललेली, हे मी स्वतः पाहिलंय आणि सहीही केली आहे. २०१९ मध्ये कायदा बदलला, पाचवी आणि आठवीला पुन्हा अडवायची मुभा राज्यांना मिळाली. मूल पुन्हा एकदा पावतीचा धनी.

आणि फिनलंडची घसरण? २००६ साली गणितात ५४८, २०२२ ला ४८४. ही मोठी पडझड आहे. कारणांवर तिथेही भांडणं चालू आहेत: वाचन सोडलेले मुलगे, भाषा न येता आलेली स्थलांतरितांची मुलं, मोबाइल. फोनवर तर ऑगस्ट २०२५ पासून वर्गात कायद्यानंच बंधन आणलंय. माझा अंदाज असा की घसरण उशिरा लक्षात आली, कारण सगळ्या मुलांची बाहेरून घेतलेली एकही परीक्षा बारावीपर्यंत नाही, नमुना चाचण्याच आहेत. विश्वासावर चालणाऱ्या घरात गळती उशिरा दिसते.

मला कुठली एकच गोष्ट उचलायची मुभा मिळाली असती तर मी जपानचा पाठ-अभ्यास उचलला असता. चार-सहा शिक्षक मिळून एकच तास आखतात, महिनाभर त्यावर डोकं लावतात. मग एकजण तो वर्गावर घेतो, बाकीचे भिंतीला उभे राहून मुलांच्या वह्यांत डोकावतात, शिक्षकाकडे बघतही नाहीत. तास संपल्यावर चर्चा होते ती मुलानं काय विचार केला याची. फळाही पुसत नाहीत. चुकीची उत्तरंसुद्धा तासभर तशीच राहतात, शेवटी फळ्याकडे पाहिलं की वर्गाचा सगळा विचार वाचता येतो.

आम्ही आमच्या केंद्रात हे करून पाहिलं. सहा शिक्षक, विषय हातच्याची वजाबाकी. ५२ वजा ३७. चौदा मुलांनी २५ लिहिलं. आमच्यातला प्रत्येक जण वर्षानुवर्षं त्यावर लाल फुली मारत आला होता. भिंतीला उभं राहून एका मुलीला पुटपुटताना ऐकलं, "सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन," तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मूल मोठ्यातून लहान वजा करत होतं, कारण आम्हीच पहिलीपासून 'लहानातून मोठं जात नाही' असं घोकवलं होतं. त्या दिवशीची चर्चा संध्याकाळी सहापर्यंत चालली, कुणी घड्याळ पाहिलं नाही. तिसऱ्या महिन्यात मतदार यादीचं काम आलं, मग ऑनलाइन माहिती भरायची मुदत, मग एक सर्वेक्षण. चौथी बैठक झालीच नाही. त्या ऐवजी वरून 'आदर्श पाठ' घ्यायचा आदेश आला. साहेब येणार म्हणून मुलांकडून उत्तरं पाठ करून घेतलेली. एका पोरानं प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर दिलं.

जपानलाही ते फुकट मिळालेलं नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत तिथले माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करताना आढळले, सरासरी ३८ च्या आसपास होती. आणि त्या ५६ पैकी प्रत्यक्ष शिकवण्याचे तास फक्त १८. उरलेले क्लब, बैठका, पालक, कागद. जादा तासांचा मोबदला म्हणून १९७१ च्या कायद्यानं पगाराच्या फक्त चार टक्के मिळत, आता कुठे तो टप्प्याटप्प्यानं दहा टक्क्यांवर न्यायचं ठरलंय. मुलांचं म्हणाल तर २०२३ या वर्षात प्राथमिक आणि माध्यमिकची ३ लाख ४६ हजारांहून जास्त मुलं वर्षात एकूण तीस किंवा अधिक दिवस शाळेतच आली नाहीत, आजारपण किंवा गरिबी हे कारण नसताना. वर्ग स्वतः झाडणारी, एकमेकांना जेवण वाढणारी ती शिस्तीची शाळा ज्याला झेपत नाही, तो घरीच राहतो.

अमेरिकेचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून एकच वाक्य: तिथल्या सरकारी शाळेच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक घरपट्टीतून येतो, त्यामुळे चांगली शाळा हवी तर आधी महाग वस्तीत घर घ्यावं लागतं.

राहिलं पुणे. आपल्याकडे ६ ते १४ वयाची जवळपास सगळी मुलं आज शाळेच्या पटावर आहेत, ही माझ्या पिढीनं पाहिलेली मोठी गोष्ट आहे. माझ्या पहिल्या शाळेत मुली आणायला मी वस्तीवर फिरलो आहे. पण 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्क्यांनाच दुसरीचा परिच्छेद वाचता आला. आपलं पुस्तक वर्गातल्या पहिल्या पाचांच्या वेगानं पळतं. ते पाच पुढे लातूर पॅटर्न, नीट, जेईई करत जगभर जातात आणि त्यांच्याकडे बघून आपण म्हणतो, आपलीच पद्धत भारी. तुमची मुलगी बहुधा त्या पाचांत असेल, म्हणून तुम्हाला पुण्यात काही अडत नाही.

आता तुमचं. सिंगापूर मी मागे ठेवीन, कारण सरकारी शाळा मिळेल की नाही हेच अधांतरी आहे. पगारात आंतरराष्ट्रीय शाळेची फी धरलेली असेल तर गोष्ट वेगळी, ते करारात लिहून घ्या.

म्युनिकला जायचं तर सगळा खेळ महिन्यांचा आहे. तिसरी संपवून गेलात तर सप्टेंबरमध्ये ती चौथीत बसेल आणि आठ महिन्यांत ते प्रगतिपत्रक हातात येईल, तेही नव्या भाषेत. म्हणून शाळेत पहिल्याच भेटीत तिला तिसरीत बसवता येईल का ते विचारा. लाज वाटून घेऊ नका, तिथे वर्ष मागे राहणं आपल्याइतकं मनाला लावून घेत नाहीत. जर्मन अजिबात येत नसलेल्या मुलांसाठी बव्हेरियात वेगळे भाषा-वर्ग असतात, जवळच्या कुठल्या शाळेत आहे ते घर ठरवण्याआधी बघा. पहिलीपासून तिथे न शिकलेल्या परभाषिक मुलांना भाषेमुळे गुण कमी पडले असतील तर ३.३३ सरासरीपर्यंत गिम्नाझियुमची शिफारस मिळू शकते, हे कित्येक पालकांना ठाऊकच नसतं. शिफारस नाहीच मिळाली तर तीन दिवसांचे चाचणी-वर्ग असतात. आणि रेआलशूलं मिळालं तर घरात सुतक पाळू नका. तिथून पुढे विद्यापीठापर्यंत रस्ते आहेत, जरा लांबचे.

घरी मराठी वाचन मात्र सोडू नका. ज्या मुलाला एका भाषेत नीट वाचता येतं ते दुसरी लवकर पकडतं, हे मी आमच्याकडे पावरी आणि कोकणा या आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांमध्ये वर्षानुवर्षं पाहिलं. बालभारतीची चौथी-पाचवीची पुस्तकं बॅगेत टाका. आणि शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत मागून ठेवा, ऐन वेळी त्याला महिना लागतो.

जायचा महिना आणि तिची जन्मतारीख कळवा. तिसरीत बसवण्याची विनंती टिकेल का, ते त्यावरून सांगतो.